नाताळचा परदेशी पाहुणा : पुणे छावणीतील मॉर्मन प्रचारक



वसंत ऋतूत नाताळाविषयी बोलावयास उभे राहणे हे थोडेसे अवेळीचे वाटेल, याची आम्हांला कल्पना आहे. परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी इ. स. १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तो नेहमीच्या विषयांपलीकडे लोकांनी पाहावे याच हेतूने. मुळशीच्या या खोऱ्यात बसून आपण मावळ्यांचा, मुळा नदीचा, इ. स. १९२१ च्या सत्याग्रहाचा इतिहास पुष्कळ वेळा ऐकला आहे, आणि तो ऐकत राहिलाच पाहिजे. आज मात्र एका लहानशा, जवळजवळ विसरल्या गेलेल्या प्रकरणाकडे आम्ही आपले लक्ष वेधणार आहोत. हे प्रकरण येथून फार दूर घडलेले नाही. आपल्या डोंगरांतून उतरणारी मुळा ज्या खडकीच्या छावणीला वळसा घालून पुढे संगमाकडे जाते, त्या परिसराशी त्याचा संबंध आहे.

जगातल्या अनेक शहरांत आजही एक दृश्य दिसते. पांढरा सदरा, गळपट्टी, छातीवर नावाची काळी पट्टी, अशा वेशातले दोन तरुण जोडीने दारोदार फिरत असतात. वय अठरा-वीस. घरापासून हजारो मैल दूर. हे मॉर्मन पंथाचे प्रचारक. डिसेंबर महिना आला, घरोघर दिवे लागले, म्हणजे या पोरांना घरची आठवण येत नसेल असे कोण म्हणेल? इ. स. २०१९ पर्यंत त्यांच्या पंथाचा नियम असा होता, की वर्षातून दोनदाच घरी दूरध्वनी करावयाचा : एकदा मातृदिनी आणि एकदा नाताळात. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत नियम सैल झाला व दर आठवड्याला घरच्यांशी बोलण्याची मुभा मिळाली. म्हणजे त्यापूर्वीच्या तरुणांच्या दृष्टीने नाताळ हा ख्रिस्तजन्माचा दिवस होताच, पण आईचा आवाज ऐकावयाचा दिवसही होता.

आता मनाने पावणेदोनशे वर्षे मागे जाऊ. तेव्हा आगगाडीचा नुकता आरंभ होत होता, आणि अमेरिकेच्या अंतर्भागातून निघालेले पत्र हिंदुस्थानात पोचावयास महिनोन् महिने लागत. त्या काळात या पंथाचे प्रचारक मुंबईला आणि आपल्या पुण्याला आले होते. ते का आले, कसे राहिले, आणि रिकाम्या हातांनी का परतले, हा आजचा विषय.

प्रथम या पंथाची ओळख. त्याचा संस्थापक जोसेफ स्मिथ. त्याचा जन्म इ. स. १८०५ च्या डिसेंबरच्या तेवीस तारखेचा, म्हणजे नाताळच्या उंबरठ्यावरचा. आपणांस दैवी साक्षात्कार झाला व त्यातून एक प्राचीन ग्रंथ हाती आला, असे त्याचे म्हणणे. तो ‘मॉर्मनचा ग्रंथ’ इ. स. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात छापला गेला आणि त्याच वर्षीच्या ६ एप्रिलला पंथाची रीतसर स्थापना झाली. इतर ख्रिस्ती लोकांना हा ग्रंथ मान्य होणे शक्य नव्हते. पंथाला गावोगाव विरोध झाला. जून १८४४ मध्ये इलिनॉय राज्यात जमावाने तुरुंगात शिरून स्मिथला ठार केले. त्यानंतर ब्रिगहॅम यंग याच्या नेतृत्वाखाली हे लोक पश्चिमेकडे चालू लागले व जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यात जाऊन वसले. स्वतःच्या घरादारावरून हुसकले गेलेले लोक म्हणजे काय, हे मुळशीकरांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

या पंथात पगारी धर्मोपदेशकांचा वर्ग नव्हता. सुतार, शेतकरी, शिक्षक, जो कोणी असेल त्याला एके दिवशी सभेत नाव पुकारून सांगितले जाई, की तुला अमुक देशी जावयाचे आहे. बरोबर पैशाची थैली न्यावयाची नाही, शिदोरी न्यावयाची नाही, ज्याच्या दारी जाल त्याने दिले तर खावे, हा दंडक. ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेक येथे भरलेल्या सभेत शंभरांहून अधिक जणांना असे आदेश मिळाले. त्यांत नऊ जणांच्या वाट्याला हिंदुस्थान आला व चौघांच्या वाट्याला सयाम. नथॅनिएल जोन्स हा हिंदुस्थानच्या मंडळीचा प्रमुख. ऍमॉस मिल्टन मसर हा त्यांतला अवघा बावीस वर्षांचा. सयामकडे निघालेल्या लेव्ही सॅव्हेज याची पत्नी नुकतीच वारली होती. तान्हे वय जेमतेम ओलांडलेला मुलगा बहिणीच्या ओटीत घालून तो निघाला. वाळवंट तुडवीत हे तेरा जण कॅलिफोर्नियास पोचले, जानेवारी १८५३ मध्ये ‘मॉन्सून’ नावाच्या जहाजात बसले, आणि एप्रिलच्या अखेरच्या कडक उन्हाळ्यात कलकत्त्याला उतरले. जहाजाचे नाव मॉन्सून, आणि उतरणे ऐन वैशाख वणव्यात! नियतीलाही थोडा विनोद कळतो.

परंतु त्यांच्याही आधी विलायतेतून काही जण आले होते. जोसेफ रिचर्ड्स इ. स. १८५१ मध्ये कलकत्त्याला आला. त्याच वर्षी डिसेंबरच्या पंचविसाव्या दिवशी, म्हणजे बरोबर नाताळच्या दिवशी, विल्यम विलिस हा दुसरा प्रचारक कलकत्त्याच्या बंदरात उतरला. या देशातील मॉर्मन प्रचाराचा आणि नाताळाचा असा योगायोगाने सांधा जुळला आहे. आणि आपल्याशी ज्याचा संबंध येतो तो ह्यू फिंडले, स्कॉटलंडचा, वयाने तिशीतला. तो सप्टेंबर १८५२ मध्ये मुंबईस आला.

मुंबईत फिंडलेचे स्वागत इंग्रजी वर्तमानपत्रांच्या टीकेने झाले. पाद्री मंडळी खवळली. इ. स. १८५३ मध्ये तो पुण्याला आला. मुंबई–ठाणे आगगाडी त्याच वर्षीच्या एप्रिलच्या सोळा तारखेला सुरू झाली. पुण्याला मात्र पनवेलपर्यंत मचव्याने व तेथून बोरघाट चढून यावे लागे. पुण्यात आणि खडकीला गोऱ्या पलटणी होत्या, आणि फिंडलेची मदार या गोऱ्या शिपायांवर होती. काही दिवसांतच छावणीच्या अधिकाऱ्यांनी त्याला तेथे प्रवचन करण्यास मनाई केली. तरीही त्याने चिकाटी सोडली नाही व त्याच वर्षी पुण्यात डझनभर माणसांची एक शाखा स्थापन केली. तीत लष्कराशी संबंध असलेल्या युरोपीयांचा भरणा होता. या पंथात बाप्तिस्मा डोक्यावर पाणी शिंपडून होत नाही, सबंध देह पाण्यात बुडवावा लागतो. आपल्या कृष्णा-गोदेत डुबकी घेणाऱ्या यात्रेकरूला यात नवल वाटले नसते. इंग्रज पाद्र्याला मात्र ते विचित्र वाटे.

आता नाताळाचा प्रश्न घेऊ, कारण त्यात एक मौजेची गुंतागुंत आहे. आपण सहज समजतो, की पाद्री आले आणि त्यांनी आपल्याकडे नाताळ आणला. इतिहास तसे सांगत नाही. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीजांचा. त्याचा अर्थ जन्म. तो गोव्याच्या आणि वसईच्या बाजूने मराठीत आला. वसई पोर्तुगीजांकडे इ. स. १५३४ च्या डिसेंबरातील तहाने गेली, आणि चिमाजी आप्पांनी ती १७३९ मध्ये घेतली. पण वसईच्या वाड्यांतला नाताळ त्या जयपराजयाबरोबर बुडाला नाही.

उलट ज्या पाद्र्यांनी मराठी मुलखात शाळा काढल्या, छापखाने चालवले, बायबलाचे भाषांतर केले, त्यांच्यापैकी अनेकांच्या मायदेशी नाताळ पाळतच नसत. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन तरुण अमेरिकन इ. स. १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस आले. ते न्यू इंग्लंडच्या कर्मठ परंपरेतले. त्या प्रांतातील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत इ. स. १६५९ पासून बावीस वर्षे नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता! डॉ. जॉन विल्सन इ. स. १८२९ मध्ये चोविसाव्या वर्षी मुंबईस आले, ते स्कॉटिश. स्कॉटलंडात धर्मसुधारणेनंतर नाताळावर अशी काही अवकृपा झाली, की तेथे नाताळची सार्वजनिक सुटी मिळावयास इ. स. १९५८ उजाडावे लागले. फिंडलेही त्याच स्कॉटलंडचा. म्हणजे खडकीच्या छावणीत इंग्रज शिपाई डिसेंबरात मेजवान्या झोडत असता, त्यांना ख्रिस्त शिकवावयास आलेला हा स्कॉटिश माणूस ज्या देशात वाढला, त्या देशात तो दिवस इतर दिवसांसारखाच कामाचा होता. सणाचा बाह्य थाट आणि श्रद्धेचा आतला ताण ही नेहमी एकाच घरात नांदतात असे नाही. आपल्या वारकऱ्यांना हे ठाऊक आहे.

या मोहिमेचा शेवट लवकर झाला. फिंडलेने इ. स. १८५५ मध्ये हिंदुस्थान सोडले. मसर काही काळ कराचीकडे खटपट करून परतला. लेव्ही सॅव्हेजला सयाम गाठताच आले नाही. ब्रह्मदेशात दिवस काढून तो माघारी गेला. सर्वांत शेवटी राहिलेला रॉबर्ट स्केल्टन मे १८५६ मध्ये कलकत्त्याहून निघाला. त्यानंतर बरोबर एका वर्षाने मेरठला बंडाचा वणवा पेटला.

असे का झाले? काही कारणे उघड आहेत. ज्या ऑगस्ट १८५२ च्या सभेत या लोकांना हिंदुस्थानला धाडण्याचे ठरले, त्याच सभेत पंथाने आपला बहुपत्नीकत्वाचा आचार जगजाहीर केला. ही बातमी प्रचारकांच्या पाठोपाठ हिंदुस्थानात आली आणि इंग्रज समाजाची दारे धडाधड बंद झाली. हा आचार पंथाने पुढे इ. स. १८९० मध्ये सोडला. आपल्याकडे हिंदूंना द्विभार्याप्रतिबंध मुंबई प्रांतात १९४६ मध्ये व देशभर १९५५ मध्ये आला, हे ध्यानात ठेवलेले बरे. दुसरे कारण असे, की पंथाचा त्या काळचा उपदेश सर्वांनी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात येऊन एकत्र वसावे असा होता. जो कोणी दीक्षा घेई त्याला देशत्याग करावयाचा असे, आणि जो जाऊ शकत नसे तो येथे एकटा पडे. अशाने मुळे कोठे धरावीत?

परंतु आमच्या मते खरे कारण याहून खोल आहे, आणि तेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

हे लोक आले कसे? पायी. थैलीवाचून. पगारावाचून. ज्याच्या दारी अन्न मिळेल तेथे जेवून. श्रोतेहो, हे वर्णन कोणाचे आहे? हे माधुकरी मागणाऱ्या बटूचे वर्णन आहे. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याचे आहे. कार्ले-भाजे येथील लेण्यांत पावसाळा काढून पुन्हा वाटेला लागणाऱ्या भिक्षूचे आहे. धर्म सांगणारा माणूस दरिद्री असावा, त्याने घोड्यावरून नव्हे तर पायी यावे, त्याने घेणाऱ्याच्या हाताने द्यावे, ही कल्पना या भूमीत दोन हजार वर्षे मुरलेली आहे. बंगल्यात राहणारा, पालखीतून फिरणारा पाद्री मराठी माणसाला अधिकारी वाटे. हा अनवाणी गोरा त्याला बहुधा साधू वाटला असता.

आणि हा गोरा साधू गेला कोणाकडे? ज्या समाजाला त्याचे दारिद्र्य हेच लांच्छन वाटत होते, त्या समाजाकडे. कंपनी सरकारच्या गोऱ्या अंमलदाराच्या दृष्टीने पायी भटकणारा, जेवण मागणारा गोरा मनुष्य म्हणजे सबंध गोऱ्या जातीच्या इभ्रतीला धोका. छावणीच्या दारातून त्याला हाकलण्याचे हेही एक कारण असावे, असा आमचा तर्क आहे. ज्यांना त्याची वागणूक कळली असती त्यांच्यापर्यंत त्याची भाषा पोचली नाही. ज्यांना भाषा कळत होती त्यांना वागणूक सोसली नाही. या मोहिमेची शोकांतिका एवढ्या एका वाक्यात येते.

गॉर्डन हॉलची गोष्ट याच्या उलट आहे. त्याने मराठी शिकण्यात आयुष्य घातले. नव्या कराराचे मराठी भाषांतर इ. स. १८२६ मध्ये पुरे होऊन छापले गेले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने तो वारला. वय एक्केचाळीस. त्याचे मत पटो वा न पटो, तो मराठी बोलत मेला. म्हणून त्याच्याशी वाद घालता आला. वाद घालता येणे ही किती मोठी गोष्ट आहे! इ. स. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी जाहीर वादविवाद करू शकले, ते समोरचा माणूस आपल्या भाषेत उतरला होता म्हणून.

ज्या वर्षी फिंडले पुण्यात होता, त्या वर्षीचे पुणे डोळ्यांपुढे आणा. जोतीराव फुले सव्वीस वर्षांचे होते, सावित्रीबाई बावीस वर्षांच्या. त्यांची मुलींची शाळा इ. स. १८४८ मध्येच निघाली होती, आणि नोव्हेंबर १८५२ मध्ये सरकारने जोतीरावांचा पुण्यात सत्कारही केला होता. स्वतः जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. ख्रिस्ती विचाराशी ते आयुष्यभर झुंजले, त्यातले काही घेतले, काही नाकारले, आणि ख्रिस्ती झाले नाहीत. दुसरीकडे, मसरपेक्षा एका वर्षाने लहान असलेले बाबा पदमनजी याच सुमारास मनाच्या मोठ्या घालमेलीतून जात होते, इ. स. १८५४ मध्ये बेळगावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे तीन वर्षांनी ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे दुःख मराठी कादंबरीत आणले. पंचविशीच्या आगेमागे असलेली ही सारी माणसे. सगळ्यांपुढे एकच प्रश्न : खरे काय, आणि त्यासाठी मी काय सोडावे? छावणी आणि शहर यांच्यामध्ये मैल-दोन मैलांचे अंतर; पण छावणीतला मॉर्मन आणि पेठेतले जोतीराव यांच्यात सबंध समुद्र पसरला होता.

पुढे विसाव्या शतकात हा पंथ पुन्हा हिंदुस्थानात आला. इ. स. १९९३ मध्ये बेंगळूर येथे त्याचे प्रचारकेंद्र झाले, आणि २०१८ मध्ये तेथेच मंदिर बांधण्याची घोषणा झाली. इ. स. २०१२ मध्ये पंथाने मुलांना अठराव्या व मुलींना एकोणिसाव्या वर्षी प्रचारास निघण्याची परवानगी दिली. धर्मप्रचाराविषयी आपल्या देशात मतभेद आहेत व ते असणारच. आपल्या संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने सार्वजनिक सुव्यवस्थेच्या मर्यादेत धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने इ. स. १९७७ मध्ये दिला. या मर्यादा योग्य आहेत असे आम्हांला वाटते. कोणाच्या भुकेवर किंवा अज्ञानावर श्रद्धेचा सौदा होता कामा नये. परंतु मर्यादा घालणे वेगळे आणि माणूस न ओळखणे वेगळे. ज्या अधिकाऱ्याने फिंडलेला छावणीबाहेर काढले त्याला कायदा ठाऊक होता. समोर उभा असलेला माणूस मात्र त्याला दिसला नाही.

आणि दोष एका बाजूलाच द्यावा असेही नाही. जो दुसऱ्याला शिकवावयास निघतो त्याने आधी दुसऱ्याची भाषा शिकावी, त्याच्या घरात काय शिजते, तो कशाला रडतो, हे पाहावे. आपल्याजवळचे सत्य पुरे आहे अशा खात्रीने निघालेला तरुण शूर असतो, यात शंका नाही. पण शौर्य आणि ऐकून घेणे ही दोन निराळी व्रते आहेत, आणि दुसरे अधिक कठीण.

आपल्याच तालुक्यात, पौडजवळ खुबवलीच्या डोंगरावर, इ. स. १९९७ पासून एक आंतरराष्ट्रीय महाविद्यालय आहे. नाना देशांची सोळा ते एकोणीस वर्षांची मुले तेथे एकत्र राहून शिकतात. ती शिकवावयास नव्हे, शिकावयास येतात. फिंडलेच्या वेळेपासून जगाने काही मजल मारली असेल, तर ती ही. त्यांपैकी एखादे पोर थंडीच्या दिवसांत आपल्या एस. टी. थांब्यावर, भाताच्या खाचरांकडे पाहत, एकटे उभे दिसेल. त्याच्या देशात तेव्हा सण असेल. कोणी सांगावे, त्याच रस्त्याने उद्या एखादा प्रचारकही येईल.

त्याचे मत स्वीकारण्याचे बंधन आपणांवर नाही. वाद घालावयाचा तर अवश्य घालावा, आणि मराठीत घालावा. पण आपल्याकडे दारी आलेल्याला प्रश्न विचारण्यापूर्वी तांब्याभर पाणी विचारण्याची चाल आहे. पुण्याच्या छावणीत इ. स. १८५३ मध्ये तेवढे एक राहून गेले. आपल्या हातून ते राहू नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.